डोळे मिटून हजेरी

आमचे चित्रकलेचे सर हजेरी डोळे मिटून घ्यायचे. अतिशयोक्ती करत नाही. टेबलापाशी उभे राहायचे, हजेरीपट बंद, हात पाठीमागे, डोळे घट्ट मिटलेले. मुलांनी बाकांच्या क्रमानं नुसतं 'हजर' म्हणत जायचं. कोणी शेजाऱ्याचं हजरसुद्धा स्वतःच म्हणून टाकलं, तर सर डोळे न उघडता म्हणत, "बाळू, तुझं झालं मघाशी. हे काशिनाथचं होतं. काशिनाथ कुठं गेला?" एकदा मी गंमत म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसले आणि आवाज बारीक करून 'हजर' म्हटलं. सर म्हणाले, "बाईंची हजेरीची सही ऑफिसात." वर्ग खदखदून हसला. मला इतकं आश्चर्य वाटलं की पुढचे दोन दिवस भेटेल त्याला मी हा किस्सा सांगत सुटले.

मला आश्चर्य लवकर वाटतं, हे आधीच सांगून ठेवते. नवीन काही दिसलं की माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. त्या वेळी मी जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका निवासी शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते. घर जव्हारला, आठवडाभर शाळेच्या क्वार्टरमध्ये मुक्काम, शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी. शाळेत कॉम्प्युटर नीट येणारी मी एकटीच, त्यामुळे नोकरीच्या पहिल्या महिन्यातच माझा भाव वधारला होता. सर माझ्याहून तीस वर्षांनी मोठे. पोशेऱ्याचे राहणारे, उंच, काटकुळे, कान चांगले मोठे, पायात बाराही महिने रबरी चपला. खांद्याला कापडी पिशवी आणि काखेत काळी छत्री. छत्री त्यांना कडक उन्हातही लागे आणि खोलीतही लागे, ते पुढे येईलच.

त्यांच्या खोडी मोजायला बसले तर दिवस पुरायचा नाही. वर्गाचं दार सताड उघडं असलं तरी ते आधी टकटक करायचे आणि "येऊ का?" असं विचारायचे. रोज. पोरं "या" म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे. नवीन पोरांना वाटायचं सर थट्टा करताहेत, आणि मग ती लाजत लाजत "या सर" म्हणायची. एकदा पाचवीतल्या एका टग्यानं "नका येऊ" म्हटलं. सर खरोखरच बाहेर थांबले, पाच मिनिटं. शेवटी वर्गानंच त्या टग्याला गप्प करून सरांना आत घेतलं. जिन्याच्या वळणावर आले की ते मोठ्यानं खोकायचे. मी काळजीनं विचारलं, "सर, छातीचा फोटो काढून घेता का?" तर म्हणाले, "छाती ठणठणीत आहे. वळणापलीकडं पोरं काय बोलत असतील ते त्यांना आवरता यावं म्हणून खोकतो."

आणि वह्या. वही तपासताना ते पुढून सुरुवात करायचे आणि शेवटची पाच पानं शिल्लक राहिली की थांबायचे. दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक वर्गात जाहीर करायचे, "शेवटची पाच पानं तुमची. त्यात काय काढायचं, काय लिहायचं, कुणाला शिव्या द्यायच्या, ते तुमचं तुम्ही. मी बघणार नाही, आणि दुसऱ्या कुणी बघितलं तर मला येऊन सांगा." बाकीच्या शिक्षकांना याचा भयंकर राग यायचा. मलाही यायचा. त्या पाच पानांत पोरं काय काय करत असतील या विचारानं माझे हात शिवशिवायचे. एकदा मी एका मुलीची वही शेवटून उघडली तेव्हा समोर बसलेले सर उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. एखाद्यानं समोर कपडे बदलायला घेतल्यावर आपण वळतो, तसे. मी वही मिटली. आपल्याला कुणी रागावलं नाही आणि तरी आपण इतकं ओशाळलो, याचाच मला राग आला.

ते चित्रकला शिकवत, पण कुणाचा चेहरा विचारल्याशिवाय काढत नसत. "आमच्या बायांनी भिंतींवर हजारो माणसं काढली," ते म्हणायचे, "एकाचं नाक काढलं नाही. तरी नवरी कोणती, तारपा फुंकणारा कोणता, सगळं समजतं. माणूस काय करतो ते दिसलं की झालं." आणि कोणी चोरून डोकावलं, कुणाच्या पाळतीवर राहिलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "बघायचं असेल तर समोर येऊन बघ." हे ते पोरांना म्हणत, मुख्याध्यापकांना म्हणत, आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही म्हणाले होते, असं मी शिपाई मावशींकडून ऐकलं.

तर अशा माणसाच्या शाळेत कॅमेरे आले, आणि ते बसवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

मी किती खूश होते, काय सांगू. प्रत्येक वर्गात एक कॅमेरा, फाटकावर एक, ऑफिसात एक, व्हरांड्यात दोन. वर्गातला कॅमेरा सकाळी साडेदहाला सगळे चेहरे टिपणार, आपोआप हजेरी लावणार, आणि लगेच प्रत्येक पालकाच्या फोनवर पोराच्या फोटोसकट निरोप जाणार: आपला पाल्य आज हजर आहे. वर एक लिंक, ती दाबली की चालू वर्ग दिसणार. मी तीन दिवस जेवण विसरून प्रत्येक मुलाचे तीन-तीन फोटो काढले, समोरून, डावीकडून, उजवीकडून. यंत्र अगदीच शहाणं होतं असं नाही. ऑफिसातल्या भिंतीवर संस्थेच्या जुन्या अध्यक्षांचा हार घातलेला फोटो आहे, त्यांना ते रोज लाल चौकटीत पकडून 'अनोळखी व्यक्ती' म्हणून कळवायचं. पण त्यानंही माझा उत्साह कमी झाला नाही.

आणि खरं सांगते, चांगलंही झालं. आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, वसईकडे, भिवंडीकडे. पोरं इथं, आईबाप तिथं, होळीपर्यंत तोंड दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात एका भट्टीवरून एका आईचा फोन आला. मुकादमाच्या फोनवर तिनं पोरीला पाहिलं होतं. "बाई, पोर माझी जाड झाली," एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. मीही रडले. मी ते सगळ्या स्टाफरूमला सांगितलं. सर म्हणाले, "छान झालं." मग म्हणाले, "पोरीला माहीत आहे का, आई बघतेय ते?" मला वाटलं, घातलं विरजण.

स्टाफरूममध्येही एक कॅमेरा होता. सरांची खुर्ची नेमकी त्याच्यासमोर. ते आले, वर बघितलं, छत्री उघडली आणि छत्रीखाली बसून कोरा चहा प्यायले. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि मग रोजच. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, वरून विचारणा होईल." सर म्हणाले, "गळतंय म्हणून सांगा." माघ महिना चालला होता.

दहावीच्या वर्गाचे फोटो काढत होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्गात यमुना नावाची एक मुलगी होती, वर्षाच्या मध्यात दुसऱ्या शाळेतून बदलून आलेली. सोळा वर्षांची, बोलायला कमी, गणितात पक्की. तिचा नंबर आला तेव्हा सर दाराशी आले, टकटक केली आणि म्हणाले, "बाई, हिचा फोटो नको."

"का?"

"तिनं नको म्हटलंय."

त्यांच्या मते एवढं कारण पुरेसं होतं. माझ्या मते ती आणखी एक खोड होती. एक चेहरा राहिला तर यादी अपुरी दिसणार होती, पडद्यावर शंभर टक्के ऐवजी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असा आकडा राहणार होता, आणि ते मला सहन होणारं नव्हतं. सर गेल्यावर मी यमुनेला बोलावलं. तिनं मान खाली घातली. "वर बघ गं," मी म्हटलं, आणि फोटो काढला. तिला मी काही विचारलं नाही.

आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिच्यावरच उलटलं. आमच्या पाड्यांवर शाळेच्या दाखल्यात मुलाच्या नावापुढं जो फोन नंबर असतो तो बापाचा असेलच असं नाही. ज्याच्याकडं फोन असतो त्याचा तो नंबर. एका पाड्यावर पूर्वी एकच फोन, तो चुलत्याचा, दुकानदाराचा नाहीतर पोलीस पाटलाचा. तोच नंबर दहा पोरांपुढं. हे इथं जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही होतं. पण यंत्रात त्या रकान्याचं नाव होतं 'पालक', आणि जुन्या शाळेकडून यमुनेची माहिती एका बटणासरशी आली तेव्हा नंबरही आला. मी तो न बघता 'पाठवा' दाबलं.

गुरुवारी मोखाड्याच्या बाजारातून सामान घेऊन परत येते तो शाळेच्या फोनवर एक फोन. "आमची यमुना तुमच्याकडं हाय ना? फोटो आला आज. चार दिवस झाले, रोज येतोय. उद्या येतो आमी."

मी उड्या मारत स्टाफरूममध्ये गेले. "बघा सर," मी म्हटलं, "तुम्ही छत्री उघडून बसता, आणि इकडं पालक फोटो बघून स्वतःहून भेटायला येताहेत. यमुनेचे. उद्या."

सरांनी छत्री मिटली. त्या खोलीत ती मिटलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"कोण येतंय? बाई की बाप्या?"

"पुरुषाचा आवाज होता. चुलते असं म्हणाले वाटतं."

मग त्यांनी सांगितलं. यमुनेला बाप नव्हता. चुलत्यानं तिचं लग्न ठरवलं होतं, दिवाळीनंतर लगेच, चौतिशीच्या एका माणसाशी. आईनं पोरीला पहाटेच्या जीपनं आमच्याकडं आणून सोडलं आणि स्वतः भट्टीवर निघून गेली. पोर कुठं आहे हे आई आणि सर, दोघांनाच ठाऊक होतं. चुलता दोन महिने गावोगाव शोधत होता. आणि मी त्याला रोज सकाळी साडेदहाला तिचा ताजा फोटो पाठवत होते.

मला सरांचाच संताप आला. "मला सांगायचं होतंत," मी ओरडले. "एवढं मोठं, आणि तुम्ही नुसतं म्हणता, तिनं नको म्हटलंय."

"ते तिचं होतं सांगायचं," सर म्हणाले. "तिनं मला दुसऱ्या कुणाला सांगू नका म्हटलं होतं."

यावर आमचं आजही एकमत नाही. मला अजून वाटतं, त्यांनी मला सांगायला हवं होतं. आणि त्यांना अजून वाटतं, 'नको' एवढं पुरायला हवं होतं. त्यांचं जास्त बरोबर आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पण भांडायला वेळ नव्हता. सरांनी दोन फोन केले. एक भट्टीवर, यमुनेच्या आईला. दुसरा मोखाड्याच्या ठाण्यातल्या एका महिला हवालदाराला, ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. आई पहाटेच्या एसटीनं निघाली तरी पोचायला दुपार होणार होती. हवालदार बाई म्हणाल्या, सकाळी कोर्टाचं काम आहे, ते उरकून येते, तोवर सांभाळा. मी म्हटलं, पोरीला माझ्या घरी जव्हारला नेते. सर म्हणाले, "तिला विचारा." यमुनेला बोलावलं. ती म्हणाली, "सर, मी दोनदा पळाली, घर सोडला नि शाळा सोडली. आता वर्ग सोडून नाय जायाची." मी म्हटलं, मग कॅमेरे बंद करते. तर सर म्हणाले, "राहू द्या. उद्या त्यांना बघू दे काय बघायचंय ते."

म्हणजे काय, ते सकाळी समजलं.

आमच्या भागात बोहाडा होतो. गावातल्या घराघराकडं देवादैत्यांची सोंगं वाटून दिलेली असतात, पिढ्यान्‌पिढ्या, आणि ते मुखवटे लावून नाचायचं. सरांच्या घरी मुखवटे बनवायची कला. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात शाळेचा बोहाडा करायचा म्हणून सरांनी दहावीकडून दोन महिने रद्दी आणि चिंचोक्याची खळ घेऊन मुखवटे करून घेतले होते. सोंगं पुरुषच नाचवतात, पण शाळेच्या बोहाड्यात सरांनी मुलींनाही दिली होती. शुक्रवारी सकाळी परिपाठ झाल्याबरोबर त्यांनी सगळे मुखवटे ओळीनं मांडले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि वर्गाला म्हणाले, "ज्याला हवा त्यानं घ्या. कुणी कुठला घेतला ते मला सांगू नका." आणि ते बाहेर येऊन दाराला पाठ करून उभे राहिले.

साडेदहाला यंत्रानं दहावीच्या वर्गाकडं पाहिलं. रावण, गणपती, नरसिंह, त्राटिका, महिषासुर, पाची पांडव, तीन-तीन देव्या. चाळीस मुखवटे बाकांवर सरळ बसलेले. यंत्रानं चाळीस लाल चौकटी काढल्या आणि कळवलं: उपस्थिती शून्य.

आणि चाळीस घरांत निरोप गेला की आपला पाल्य आज गैरहजर आहे. शाळेचा फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. भट्टीवरून आया, दुकानदार, पोलीस पाटील. "पोर कुठं गेला माझा?" मी एकेकाला सांगत होते, आहे हो, वर्गात आहे, मुखवटा लावलाय. माझा घसा बसला, पण अंगात असा काही जोर संचारला होता की विचारू नका.

त्या गोंधळात फाटकाशी जीप थांबली. चौघं उतरले. पुढं चुलता, हातात फोन. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा झाला. ते वाईट नव्हते, भित्रे होते. नियमानं वागायचं एवढंच त्यांना माहीत.

"पोर ताब्यात द्या," चुलता म्हणाला. "पालक म्हणून माझाच नंबर हाय तुमच्याकडं. रोज निरोप येतो."

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं कॉम्प्युटर बघितला. खरंच होतं. पडद्यावर पालक म्हणून तोच होता. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, पुन्हा पडद्याकडं बघितलं, आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर वाक्य बोलले.

"पालक तुम्ही आहात. पण पाल्य आज गैरहजर आहे. तुम्हालाही निरोप आला असेल."

चुलत्यानं हातातला फोन बघितला. आला होता.

"सिस्टीममध्ये गैरहजर असलेली मुलगी मी कशी ताब्यात देऊ?" मुख्याध्यापक म्हणाले. आवाज थरथरत होता, पण म्हणाले. त्यांचा हात धरून नाचावंसं मला वाटलं.

चुलता काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. फोनवर त्यानं यमुनेचा वर्गातला कालचा फोटो उघडला आणि तरातरा दहावीकडं निघाला. तिसरा बाक, खिडकीजवळ, हे त्याला पाठ होतं. दारात सर उभे.

"दार वाजवा," सर म्हणाले.

"उघडाच तं हाय."

"तरी वाजवा."

का कोण जाणे, पण त्यानं वाजवलं. आतून कुणी 'या' म्हटलं नाही. तो आत गेला, आणि थबकला. चाळीस मुखवटे त्याच्याकडं वळले. तो तिसऱ्या बाकापाशी गेला. तिथं दहा तोंडांचा रावण बसला होता, आणि बाकाखाली बाळूचे मोठे मोठे पाय दिसत होते.

"काढा ते," चुलता म्हणाला. कुणी हललं नाही. त्यानं शेजारच्या मुखवट्याकडं हात नेला.

"पाहुणे," सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या घराकडं कुठलं सोंग आहे?"

माणूस रागात असला तरी या प्रश्नाचं उत्तर तोंडातून निघतंच. "भीम," तो म्हणाला.

"मग तुम्हाला मी काय सांगणार. सकाळी नारळ फोडलाय. तुमच्या भीमाच्या तोंडावरून कुणी मुखवटा ओढला तर चालेल का?"

चुलत्याचा हात तिथंच राहिला. समोर देवीचा मुखवटा होता, कपाळाला सकाळचं ओलं कुंकू. त्यानं हात मागं घेतला. मी दारातून बघत होते, आणि मला त्या क्षणी त्याच्याबद्दलही काहीतरी वाटलं. तो राक्षस नव्हता. पोर घरातून पळाली म्हणून गावात खाली मान घालून फिरणारा, हट्टाला पेटलेला माणूस होता.

"पोरींना सोंग कोणी दिला?" तो पुटपुटला. मग वर्गाकडं बघून ओरडला, "यमुने. ये बाहेर." एकही मुखवटा हलला नाही. "यमुने." ती कुठल्या मुखवट्यात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. सरांनाही नव्हतं. असं ताटकळत बसायचं, हवालदार बाई येईपर्यंत, एवढाच सरांचा बेत होता.

तो बेत यमुनेनंच मोडला. पहिल्याच बाकावरची त्राटिका उभी राहिली, चुलत्यापासून दोन हातांवर. तिनं दोन्ही हातांनी मुखवटा उतरवला आणि नीट बाकावर ठेवला. चेहरा घामानं भिजलेला.

"काका, मी हितंच हाय," ती म्हणाली. "मना लगीन करायचा नाय. दहावी देनार हाय मी. तुमी रोज माझा फोटो बघत होता, मना ठाव नव्हता. आता मीच दिसते तुमाला. बघा."

चुलता पुढं झाला. तिचं मनगट धरलं असतं त्यानं. पण खरखर असा मोठा आवाज झाला आणि एकोणचाळीस पोरं बाकं सरकवून उभी राहिली, रावण, पांडव, देव्या सगळे, आणि तिच्याभोवती आली. सरांचा चेहरा मी पाहिला. ते घाबरले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वर्गात त्यांना न विचारता काही घडत होतं, आणि ते त्यांना अतिशय आवडलंही होतं.

हवालदार बाई साडेअकराला आल्या. अठरा पूर्ण नसलेल्या मुलीचं लग्न लावणाऱ्याचं काय होतं ते त्यांनी चुलत्याला ऑफिसात बसवून दोनदा वाचून दाखवलं. त्यानं लिहून दिलं. दीड वाजता आई आली, अंगावर भट्टीची लाल धूळ तशीच. मायलेकी व्हरांड्यात बसल्या, आणि सरांनी छत्री उघडून व्हरांड्याच्या कॅमेऱ्यासमोर धरली. बराच वेळ धरून उभे होते. हात दुखला तेव्हा मी धरली.

संध्याकाळी मी सरांची माफी मागायला गेले. ते म्हणाले, "माझा काय संबंध? तिची मागा." शिक्षिकेनं विद्यार्थिनीची माफी मागायची म्हणजे काय, हे मी कधी केलेलं नव्हतं. यमुना पाणी भरत होती. मी म्हटलं, "यमुना, माझं चुकलं." ती हंडा खाली ठेवून म्हणाली, "मना इचारायचा होता फक्त, बाई." मी म्हटलं, "आता विचारते. तुझे फोटो त्यातून काढू?" ती म्हणाली, "काढा."

मी रात्रभर, मग आठवडाभर ते शोधलं. नाव घालायचं बटण होतं, बदलायचं होतं, काढायचं नव्हतं. कंपनीला फोन केला, तर तिथला पोरगा नम्रपणे म्हणाला, मॅडम, तशी सोय नाही. मी यमुनेला तसं सांगितलं तेव्हा तिला पटेचना. "फोटो माझा नि मनाच काढता नाय येत?" सर ऐकत होते. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून तिच्यापुढं ठेवला. "अर्ज लिही. ज्या ऑफिसातून यंत्र आलं, त्या ऑफिसाला." तिनं लिहिला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या बाकीच्या एकोणचाळीस जणांनी आपापला लिहिला. सरांनी एकही वाचला नाही. मी आणि सरांनी ते चाळीस अर्ज जव्हारच्या त्या ऑफिसात नेऊन दिले आणि प्रत्येकाची वेगळी पोच घेतली. आवक घेणारे कारकून डोक्याला हात लावून बसले.

चार महिन्यांनी उत्तरं आली, चाळीस लिफाफे. तोवर निकाल लागला होता, यमुनेला गणितात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. शाळेतली चेहऱ्यांची हजेरी 'तांत्रिक कारणास्तव' थांबली होती, ती अजून थांबलेलीच आहे. दाखला न्यायला आली तेव्हा यमुनेनं लिफाफा फोडला. आपली माहिती काढून टाकण्यात आली आहे, असं एका ओळीत लिहिलं होतं. मला आनंदानं काही सुचेना.

"खरंच काढली का सर?" यमुनेनं विचारलं.

सर खोटं बोलत नसत. "माहीत नाही," ते म्हणाले. "त्यांनी म्हटलंय. आता त्यांच्यावर लक्ष तू ठेवायचं."

सर निवृत्त होऊन पोशेऱ्याला गेले. यमुना जव्हारला कॉलेजात आहे, एसटीचा पास काढून येते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कॉलेज सुटल्यावर, ती त्या ऑफिसात जाते. मी दोनदा तिच्याबरोबर गेले आहे. ती दारावर टकटक करत नाही, सरळ आत जाते, आणि कारकुनाच्या टेबलासमोर उभी राहते. तो वर बघतो, उसासा टाकतो. "पुन्हा तुम्ही? अहो, सांगितलं ना, नाही तुमचं नाव आता त्यात."

ती खुर्ची ओढून त्याच्या पडद्यासमोर बसते.

"दाखवा," ती म्हणते.